कुलुपातल्या सतारी

(पत्र सहा पानांचं होतं. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा गोषवारा देते आहे. त्याखाली माझं उत्तर.)

पत्रलेखिका मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या. दहाव्या वर्षी हातात सतार आली. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत विशारद झाल्या, पुढे अकरा वर्षं एका गुरुजींकडे तालीम घेतली. लग्नानंतर अमेरिकेत ओहायो राज्यात आल्या. गेली तीन वर्षं त्या घरापासून पन्नास मिनिटांवरच्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात सतार शिकवतात. नोकरी कायम नाही. त्या ‘ॲडजंक्ट’ आहेत, म्हणजे सेमिस्टरला जितके विद्यार्थी नाव घालतील तितके पैसे. सध्या नऊ विद्यार्थी आहेत. प्रत्येकाला आठवड्यातून अर्धा तास, असे चौदा आठवडे. नऊपैकी एकही जण संगीतात पदवी करत नाही. कोणी जीवशास्त्राचा, कोणी अर्थशास्त्राचा, एक रसायनशास्त्राचा.

“मुलं रियाज करत नाहीत,” त्या लिहितात. “कॉलेजच्या तीन सतारी माझ्या खोलीतल्या कपाटात असतात. चावी ऑफिसातून घ्यायची, ऑफिस साडेचारला बंद होतं, तरी कोणी फिरकत नाही. रसायनशास्त्राच्या मुलाला लॅबचं कारण कायमचं. अर्ध्या तासातली आठ-दहा मिनिटं सतार लावण्यात जातात. एकीला बीटल्सचं गाणं वाजवायचंय. सेमिस्टर संपताना नऊ जणांना एकत्र बसवून कार्यक्रम करा, असं डिपार्टमेंटच्या प्रमुखांचं म्हणणं. गेल्या वेळी रसायनशास्त्राच्या मुलाला मी ‘सी’ ग्रेड दिली. तो येऊन शांतपणे विचारता झाला, माझं काय चुकलं? मला उत्तर देता आलं नाही. गुरुजींनी दिलेली विद्या मी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पुड्या बांधून विकते आहे असं वाटतं. माझा स्वतःचा रियाज आठवड्यातून दोनदा झाला तरी खूप. वडील म्हणतात, परत ये. यजमानांची नोकरी इथे आहे. चाचणी घेऊन फक्त मनापासून शिकणारेच घ्यावेत, की सोडून द्यावं?”

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि त्यातली एक ओळ आणखी तीनदा वाचली. ती विद्येबद्दलची नाही, गुरुजींबद्दलचीही नाही. चावीची आहे.

तीन सतारी, एक कपाट, साडेचारला बंद होणारं ऑफिस. आणि लगेच पुढच्या वाक्यात लॅब असलेला मुलगा. ताई, अमेरिकेतल्या कॉलेजात सायन्सच्या लॅबा बहुतेक दुपारी असतात आणि चार-साडेचार-पाचपर्यंत चालतात. हा मुलगा हातातला चंबू ठेवून, हात धुऊन ऑफिसपर्यंत पोचेतो चावी गेलेली. सकाळी त्याचे तास, दुपारी लॅब, संध्याकाळी कुलूप. सतार काही गिटारसारखी पाठीवर टाकून होस्टेलच्या खोलीत नेता येत नाही. नेली तरी दोन पलंगांच्या खोलीत ती ठेवायची कुठे आणि वाजवायची कुठे? त्याने रियाज केला नाही हे खरं. पण करायचा म्हटला असता तर नेमका किती वाजता केला असता, हे कागदावर मांडून बघा. मी मांडून बघितलं. मला शनिवार-रविवारसुद्धा सापडला नाही, कारण शनिवारी-रविवारी ऑफिस उघडतच नसणार.

दोष तुमच्या माथी मारायला मी हे लिहीत नाही. ही चूक मी स्वतः फार वर्षं केली. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी एकवीस वर्षं कॉलेजात सतार शिकवली. बी. ए. ला संगीत ऐच्छिक विषय, सकाळी सात-वीसचा तास, चौदा मुली आणि चार सतारी. ज्यांचा हात चांगला त्यांना मी पुढे बसवायची, बाकीच्या मागे. मागच्यांना वाटणीला पाच-सात मिनिटं येत. आणि वर्षाच्या शेवटी मी म्हणायची, या मुलींना गोडी नाही. त्यांना सतार मिळालीच नव्हती, हे माझ्या लक्षात यायला सहा वर्षं लागली. त्या मागच्या रांगेत एक मुलगी होती. तिला वाजवायला मिळायचं नाही, म्हणून ती तास सुरू होण्याआधी येऊन चारही सतारी लावून ठेवायची. एकदा मी घाईत षड्ज लावून आलाप सुरू केला तर ती मागून हळूच म्हणाली, “मॅडम, जोडची तार किंचित उतरलीय.” उतरली होती. कान इतका तयार झालेली मुलगी मी दोन वर्षं मागे बसवली होती. ते अजून मला बोचतं.

तेव्हा तुमच्या पत्रातलं पहिलं गृहीत, ‘मुलांना मनापासून शिकायचं नाही’, ते आपण बाजूला ठेवू. खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते अजून तपासलेलं नाही, एवढंच. सतार हाताशी असताना त्यांनी काय केलं असतं हे तुम्हाला अजून माहीत नाही.

दुसरं गृहीत जास्त खोल आहे आणि त्याच्यापाशी मला जरा थांबायचंय. तुम्ही लिहिता की गुरुजींकडची तालीम ही खरी, आणि हे चाललंय ते तिचं पातळ केलेलं रूप. पण तुमच्याच पत्रात, गुरुजींच्या आधीच्या ओळीत, ‘विशारद’ आहे. ती पदवी कुठून आली? पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा नेमकं हेच केलं: ठरलेला अभ्यासक्रम, वर्ग, ठरलेली वेळ, फी, लिहून दिलेल्या चिजा. घराण्यातल्या कितीतरी जणांना तो विद्येचा बाजार वाटला असणार. पुढे १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालं आणि प्रारंभिकपासून अलंकारापर्यंतच्या परीक्षांनी गावोगावच्या, घराण्याशी काडीचा संबंध नसलेल्या मुलामुलींच्या हातात वाद्यं दिली. त्यांतल्या एक तुम्ही. दहाव्या वर्षी तुम्ही ज्यांच्याकडे गेलात त्या बाई किंवा गुरुजी आठवड्यातून किती वेळ शिकवत होते, तुमच्यासोबत किती मुलं होती, आणि त्यांतली किती जणं आज वाजवतात? माझा अंदाज, तुम्ही एकट्या. म्हणून बाकीच्यांना शिकवणं वाया गेलं असं तुमच्या त्या पहिल्या शिक्षकांनी मानलं असतं तर तुमचा वर्गही चालला नसता.

यावर कोणी म्हणेल, तानसेन नाही तर कानसेन तरी घडतील. मला ही समजूत पुरत नाही, आणि तुम्हालाही पुरू नये. निव्वळ ऐकणारे तयार करायचे तर ध्वनिमुद्रणं ऐकवून भागलं असतं. जो मुलगा चौदा आठवडे डावा पाय दुमडून, त्या पावलावर भोपळा तोलून, उजवा हात वरून टेकवून बसतो, तर्जनीला तारेची खाच पडेपर्यंत सूर दाबतो, त्याला श्रोता म्हणून मोकळं व्हायचं हा त्याच्यावर अन्याय आहे. तो वाजवतोच आहे. थोडं वाजवतो, पण वाजवतो.

इथे वाचकांसाठी एक खुलासा. लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे आपल्या ‘आर्ट्स’ शाखेचं कॉलेज नव्हे. तिथे मुख्यतः पदवीचे विद्यार्थी, संख्या हजार-दोन हजारांच्या घरात, वर्ग लहान, आणि एकाच विद्यार्थ्याने भौतिकशास्त्रही शिकावं, इतिहासही वाचावा, जमलं तर एखादं वाद्यही शिकावं अशी मुळातली कल्पना. मी दोन हिवाळे मुलाकडे क्लीव्हलँडला होते, तिथून जवळच्या ओबर्लिनला कार्यक्रम ऐकायला जायची. ते कॉलेज १८३३ सालचं, आणि १८६५ साली निघालेलं वेगळं संगीत-विद्यालय त्याला जोडलेलं आहे. व्यावसायिक वादक तिथे घडतात. तुमचं कॉलेज तसलं नाही, आणि तुमच्या मनातली तुलना, मला वाटतं, नकळत तसल्याच जागेशी किंवा गुरुजींच्या घराशी चाललीय. ज्या जागेने मुळी वादक घडवायचं वचन दिलेलं नाही, तिथे वादक घडत नाहीत म्हणून तुम्ही रात्रीची झोप घालवता आहात.

आपल्या संगीताचा आणि तिथल्या कॉलेजांचा संबंधही नवा नाही. कनेक्टिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात साठच्या दशकात टी. रंगनाथन मृदंगम् शिकवत होते. त्याच विद्यापीठातून जॉन हिगिन्स १९६२ मध्ये पदवीधर झाले, पुढे रंगनाथन यांचे बंधू टी. विश्वनाथन यांच्याकडे शिकले आणि कर्नाटक संगीत असं गाऊ लागले की मद्रासचे रसिक त्यांना ‘हिगिन्स भागवतर’, म्हणजे हिगिन्स गवई, म्हणत. हे उदाहरण तुम्हाला आशा दाखवायला देत नाही. उलट, हिगिन्स कधीतरी भेटेल म्हणून शिकवू नका. तो भेटायची वाट बघत शिकवलं की समोर बसलेला प्रत्येक मुलगा ‘हा तो नव्हे’ असा दिसायला लागतो. तुमच्या पत्रात तो सूर मला ऐकू आला.

आता तुमचे दोन पर्याय. चाचणी घेऊन निवडक घ्यायचे हा पहिला. चाचणी कशाची घेणार? त्यांच्यापैकी कोणी सतार आधी पाहिलेलीही नाही. ज्यांनी लहानपणी पियानो-व्हायोलिन शिकलेलं आहे तेवढेच उतरतील, नऊचे तीन होतील, आणि ॲडजंक्टचे पैसे डोईमागे असल्यामुळे तुमचे पैसेही तिसऱ्या हिश्श्यावर येतील. पुढच्या वर्षी ‘मागणी नाही’ म्हणून वर्ग बंद व्हायला तेवढं कारण पुरे. शिवाय लॅबवाला मुलगा चाचणीत नक्की गळेल. माझं मत विचाराल तर नऊजणांत सगळ्यांत मनापासूनचा तोच आहे. ‘सी’ मिळाल्यावर भांडायला न येता ‘माझं काय चुकलं’ विचारायला येणारा विद्यार्थी मला एकवीस वर्षांत दोन-तीनदाच भेटला.

सोडून द्यायचं हा दुसरा पर्याय. तो मी बाद करत नाही. पण त्यावर शेवटी बोलू, कारण आधी एकदा नीट करून बघितल्याशिवाय सोडलंत तर ती खंत तुमच्यासोबत माहेरापर्यंत येईल.

मी तुमच्या जागी असते तर येत्या सेमिस्टरला काय केलं असतं ते सांगते. बहुतेक गोष्टी कुठल्याही गावी, कुठलंही वाद्य कॉलेजात शिकवणाऱ्यांना लागू पडतील.

सगळ्यांत आधी वेळेची नवी वाटणी. नऊ मुलांचे नऊ अर्धे तास म्हणजे साडेचार तास. सतारी तीन. तीन-तीन मुलांच्या तीन तुकड्या करा, प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक तास. हे झाले तीन तास. उरलेल्या दीड तासात प्रत्येकाला दहा मिनिटं एकटं बोलवा. एकूण तेवढाच वेळ, पण आता कोणीही वाद्याशिवाय नाही. एकजण वाजवत असताना दुसरे दोघे ऐकतात, आपली चूक दुसऱ्याच्या हातात बघतात. गुरुजींकडे तुम्ही अशाच शिकलात ना? तुमचा पाठ होता अर्ध्या तासाचा, पण आधीच्याचा आणि नंतरच्याचा ऐकत तुम्ही सकाळभर बसून असायच्या. अमेरिकेतल्या ‘लेसन’मध्ये एकामागून एक बंद दारं असतात, आपल्या शिकण्यातली अर्धी गंमत त्या दारांनीच काढून घेतली. प्रमुखांना विचारून घ्या, पैसे तसेच राहतील हे लिहून घ्या. मला वाटतं ते नाही म्हणणार नाहीत.

मग सतार लावण्याची ती आठ-दहा मिनिटं. तुम्ही ती वाया गेलेली मानता. मी तोच पहिला धडा केला असता. पहिले तीन आठवडे मुलांनी फक्त जोड, बाज आणि चिकारी या वरच्या तारा लावायला शिकावं. तरफा, म्हणजे पडद्यांखालच्या गुंजणाऱ्या तारा, तुम्ही लावून द्या. कानात टोचणारी कंपनं विरत विरत दोन तारा एकदम एक होतात, तो क्षण एकदा ज्याला ऐकू आला त्याला ‘सूर’ म्हणजे काय हे पुन्हा समजावून द्यावं लागत नाही. तुमच्या सायन्सच्या मुलांना तर त्याचं गणितही येत असेल. येऊ दे त्यांना ते गणित घेऊन वर्गात.

राग एकच. पूर्ण सेमिस्टर एक राग. पत्रात तुम्ही तीन महिन्यांत यमन, काफी, भैरवीची ओळख करून देता असं लिहिलंय. ती ओळख कार्यक्रमाच्या हँडबिलासारखी होते, वाचली आणि टाकली. मी भूप घेतला असता. पाच सूर, सगळे शुद्ध, पडदे एकदा बसवले की तीन सतारींवर चौदा आठवडे हलवायला नकोत. आणि भुपात एक फार सुंदर अडचण आहे, तुम्हाला ती ठाऊकच आहे. बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची, तार मध्यमात मिळवलेली असते आणि भुपात मध्यम नाही. म्हणजे डावं बोट पडद्यावर नीट दाबलं गेलं नाही आणि नखी मोकळ्या तारेवर पडली, की वर्ज्य सूर घंटेसारखा वाजतो. तुम्ही काही बोलायच्या आधी मूल स्वतः दचकतं. कितव्या आठवड्यात ते दचकायला लागलं याची नोंद ठेवा. ज्या दिवशी मध्यम लागल्यावर त्याचा चेहरा वाकडा होतो, त्या दिवशी भूप त्याच्या कानात शिरला.

बोल ‘दा रा’ पासून, मग ‘दा दिर दा रा’, आणि सातव्या-आठव्या आठवड्यापासून एक मसीतखानी गत, म्हणजे संथ लयीतली बांधलेली रचना. सोळा मात्रांतल्या बाराव्या मात्रेवरून उठणारी ‘दिर दा दिर दा रा दा दा रा’ ही चाल अमेरिकन मुलांना सुरुवातीला फार चकवते, कारण ती एकापासून सुरू होत नाही. चकवू दे. टाळी देत, तोंडाने म्हणत, सतार खाली ठेवून दोन आठवडे करा. सम, म्हणजे पहिली मात्रा, कुठे आहे हे सापडल्यावर जो आनंद होतो त्याला कुठली भाषा लागत नाही.

आणि शेवटच्या दोन आठवड्यांत त्यांना देशकार ऐकवा. तेच पाच सूर. भुपात गंधारावर घर, देशकारात धैवतावर. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, एक सकाळचा. त्यांना विचारा, सूर तेच असताना हे दोन राग वेगळे कशामुळे? लिबरल आर्ट्स कॉलेज ज्याच्यासाठी काढलेलं असतं तो हा प्रश्न आहे. तुमच्या शेजारच्या खोलीत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक मुलांना अशाच प्रश्नांपाशी आणायला धडपडत असतील, तुमच्याकडे तो नखीला लागून आलेला आहे. ज्या मुलाला याचं अर्धंमुर्धं उत्तर स्वतःच्या बोटांनी वाजवून दाखवता आलं, त्याला अर्ध्या तासाची पुडी दिली असं तुम्हाला वाटणार नाही, याची मी खात्री देते. चौदा आठवडे म्हणजे अकरा वर्षांच्या तालमीची तुटकी सुरुवात, या हिशोबाने तुम्ही आजवर शिकवलंत म्हणून दर डिसेंबरात हाती काहीच उरलं नाही. चौदा आठवड्यांत पुरी होईल अशी वस्तू त्यांच्या हाती द्या. लहान असेल, पण पुरी.

बीटल्सचं गाणं वाजवू द्या. जॉर्ज हॅरिसन यांनी १९६५ मध्ये त्यांच्या एका गाण्यात सतार वाजवली आणि नंतर ते पं. रविशंकरांकडे रीतसर शिकायला गेले. त्या मुलीचं कुतूहल त्याच दारातून आलंय. दहाव्या आठवड्यात दहा मिनिटं द्या. त्या सुरावटीत कुठे तार ओढून मींड घेता येईल हे तिलाच शोधायला लावा.

एकत्र कार्यक्रमाबद्दल तुमच्या मनात जी अढी आहे तिच्याबद्दल एकच आठवण देते. मध्य प्रदेशातल्या मैहरला पं. रविशंकरांचे गुरू बाबा अलाउद्दीन खाँसाहेबांनी अनाथ मुलांना गोळा करून वाद्यं दिली आणि त्यांचा बँड उभा केला. शिस्तीला इतका कडक गुरू शोधून सापडणार नाही, तरी त्यांना एकत्र वादन कमीपणाचं वाटलं नाही. भुपाची एक गत, तीन सतारींवर आळीपाळीने तिघेतिघे, बाकीचे हाताने ताल धरतील आणि दोघे तानपुऱ्याला. वीस मिनिटं. त्यात विद्येचा अपमान कुठे होतो हे मला दिसत नाही.

ग्रेडचं मात्र तुम्ही बदलायलाच हवं. त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर कुठे लिहिलेलंच नव्हतं. ते तुमच्या मनात होतं, आणि मनात गुरुजींची फूटपट्टी होती. पहिल्या आठवड्यातच सिलॅबसवर लिहून द्या: हजेरीला किती, रियाजाच्या वहीला किती, सतार स्वतः लावता येण्याला किती, गतीला किती, देशकारच्या प्रश्नावर दोन पानं लिहिण्याला किती. रियाज रोज पंधरा मिनिटं मागा. रविवारी एकदम दोन तास करणाऱ्याच्या बोटांना फोड येतात आणि सोमवारी तो सतारीकडे बघत नाही. रोज पंधरा मिनिटांनी खाच पडते, घट्ट होते, दुखायची थांबते. वहीत तारीख, वेळ आणि एक वाक्य, ‘आज काय जमलं नाही’. ती वही तुम्ही दर आठवड्याला वाचायची आणि एका ओळीचं उत्तर लिहायचं. आणि हे सगळं करणाऱ्याला ‘ए’ द्यायला कचरू नका. तो ‘ए’ म्हणजे मैफलीला परवानगी नव्हे, चौदा आठवड्यांत मागितलेलं काम केलं एवढंच तो सांगतो. त्या रसायनशास्त्राच्या मुलाची ग्रेड बदलता येईल का हेही विचारून बघा. नाहीच जमलं तर निदान बोलावून सांगा, की निकष आधी सांगायला हवे होते, ते मी सांगितले नव्हते.

आता पैशाचं. इथे मी तुमच्या उलट बाजूने बोलणार आहे. विद्या विकते आहे या अपराधीपणामुळे तुम्ही मोबदल्याबद्दल एक अक्षर विचारलेलं नाही, असं पत्रावरून दिसतं. कार्यक्रम बसवायच्या जादा तालमी फुकट, तारा आणि नख्या स्वतःच्या पैशाने, पन्नास मिनिटांचं जाणं-येणं हिशोबात नाही. अपराधी वाटतं म्हणून कमी घ्यायचं, आणि कमी मिळतं म्हणून आणखी अपमान वाटायचा, हा फेरा तोडा. विद्येचं पावित्र्य आणि कामाचा मोबदला या दोन गोष्टी तुमच्या गुरुजींनीही वेगळ्या ठेवल्याच असतील; त्यांच्याही घरी चूल होती. लेखी मागा: सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी करार, मधेच एखाद्याने नाव काढलं तर त्याचे पैसे किती कापणार याचा नियम, वृंदवादनाला स्वतंत्र विषयाचा दर्जा आणि त्याचे वेगळे पैसे, तारांचा खर्च डिपार्टमेंटकडे. सगळं एकदम मिळणार नाही. चारातलं दोन मिळालं तर राहा. दोन सेमिस्टर होऊन चारातलं एकही मिळालं नाही तर सोडा, आणि तेव्हा मनाला काही लावून घेऊ नका. वर्ग कॉलेजला नको होता, तुम्हाला नव्हे.

ज्यांना दहा वर्षं शिकवावं अशा विद्यार्थ्यांची तुमची भूक खरी आहे आणि ती कॉलेजात भागणार नाही. कोलंबस, क्लीव्हलँड, सिनसिनाटीला आपली पुष्कळ कुटुंबं आहेत. आठवड्यातून एक दिवस घरी चार-पाच मुलं घ्या, आठ-दहा वर्षांची. तिथे घाई करू नका, तिथे गुरुजींची फूटपट्टी चालवा. दोन्हीकडे एकच माप लावल्यामुळे आजवर दोन्हीकडचं बिनसलं.

आणि वडिलांना काय सांगायचं? त्यांना तुमच्या आवाजात थकवा ऐकू येतो म्हणून ते ‘परत ये’ म्हणतात. तुम्ही थकलात कशाने हे मला तुमच्या एका अर्ध्या वाक्यात सापडलं, ‘माझा स्वतःचा रियाज आठवड्यातून दोनदा’. बाकी सहा पानांत तुम्ही मुलांच्या रियाजाबद्दल लिहिलंय. माहेरी परत येऊनही हे अर्धं वाक्य तसंच राहिलं तर थकवा तसाच राहील. ज्या दिवशी कॉलेजला जाता त्या दिवशी एक तास आधी पोचा, दार लावून घ्या, स्वतःची सतार काढा. आणि प्रमुखांकडे वसंतातल्या सेमिस्टरची एक तारीख मागा, तुमच्या एकटीच्या वादनासाठी, कॉलेजच्या हॉलमध्ये. तिथल्या कॉलेजांत शिक्षकांच्या वादनाची प्रथा असते, ॲडजंक्टनाही विचारल्यावर मिळते. तारीख ठरली की रियाज आपोआप रोजचा होतो. मुलांनी तुम्हाला तास-दीड तास सलग वाजवताना अजून एकदाही ऐकलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? ज्या गोष्टीचा ते पंधरा-पंधरा मिनिटं रियाज करणार, ती पुढे जाऊन कशी दिसते हे त्यांनी कुठे पाहावं?

सोमवारी जाल तेव्हा पैशाचं बोलू नका, ती भेट वेगळी ठेवा. सोमवारी फक्त कपाटाचं बोला. कुलूप काढून आकड्यांचं बसवता येईल का, नऊजणांना तो आकडा देता येईल का, आणि इमारत रात्री दहापर्यंत उघडी असते का. सोबत खोलीत हवा दमट ठेवणारं एक लहान यंत्र मागून घ्या. नोव्हेंबरात हीटर सुरू झाले की तिथली हवा कोरडीठाक होते, लाकूड आकसतं, खुंट्या सुटायला लागतात, भोपळ्यालाही तडा जाऊ शकतो. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती ज्या हवेत घडली ती हवा तिच्याबरोबर गेलेली नाही. खुंट्यांना लावायला खडूचा तुकडा कपाटात ठेवा, आणि तो कसा लावायचा हे पहिल्यांदा त्या लॅबवाल्या मुलाला शिकवा. संध्याकाळी कपाट उघडणारा बहुतेक तोच असेल.